मुरूम, ब्लेड आणि आठ आण्यांचा रस्ता

ट्रॅक्टर घ्यायचा की नाही, हे घरात ठरतं. बँक, सोयाबीनचा भाव आणि सासरवाडी या तिघांना विचारून ठरतं, पण घरात ठरतं. त्या ट्रॅक्टरच्या मागे काय जोडायचं, हे मात्र गाव ठरवतं. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातलं आमचं साखरा या बाबतीत कमालीचं लोकशाहीवादी आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याचं मत इथे सगळ्यांत ठाम असतं, कारण त्याला हप्ता भरायचा नसतो.

नांगर कोणता घ्यावा, पेरणीयंत्र कुठलं चांगलं, यावरचे वाद समजू शकतो. त्यात पीक आहे, पैसा आहे. पण अलीकडे पारावर नवाच विषय आलाय. डांबरी सुटल्यावर आखाड्यापर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता धड ठेवायला ट्रॅक्टरला कोणतं अवजार घ्यावं? (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. तिथे कुस्ती चालत नाही. रस्त्याच्या बाबतीत चालते, पण ते पुढे.)

अमेरिकेत हा प्रश्न फार सरळ असतो. फाटकापासून गॅरेजपर्यंतची खडीची वाट त्या माणसाची एकट्याची. सुट्टीच्या सकाळी त्याने टोपी घालावी, छोटा ट्रॅक्टर काढावा, मागे काहीतरी जोडावं आणि दोन फेऱ्या माराव्यात. त्याला फक्त अवजार निवडायचं असतं. आपल्याकडे आधी रस्ता कुणाचा, हे निवडावं लागतं. एका आखाड्याच्या वाटेवर दोन चुलते, एक भावकीतला, एक वाटणीचा दावा लावलेला आणि एक औरंगाबादेत नोकरीला असलेला पण बांधावर डोळा ठेवून असलेला, असे मानकरी असतात. वापर सगळ्यांचा आणि खड्डे ज्याला लागतील त्याचे.

त्यात आमची जमीन काळी. सोयाबीनला आणि हळदीला ती जेवढी मानवते तेवढीच रस्त्याला छळते. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. उन्हाळ्यात भेगांतून मुरूम खाली जातो, पावसाळ्यात चाकांच्या दाबाने चिखल वर येतो, आणि काही वर्षांत दोघांची जागा पूर्ण बदललेली असते. मग माणूस म्हणतो, मुरूम वाहून गेला. कुठेही वाहून गेलेला नसतो. हातभर खाली तिथेच असतो, फक्त उपयोगाचा राहिलेला नसतो.

नवा टाकावा तर हिशोब ऐका. हजार फूट लांब, दहा फूट रुंद आणि अर्धा फूट जाड थर म्हटला की पाच हजार घनफूट झाले. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 50 ब्रास. दाबल्यावर तो बसतो, हे धरलं तर आणखी दहा-बारा. हा कागदावरचा ब्रास झाला. ट्रॉलीवाल्याचा ब्रास ट्रॉलीच्या फाळक्याच्या उंचीवर आणि तुमच्याशी असलेल्या नात्यावर अवलंबून असतो. शिवाय मुरूम हे गौण खनिज, त्याला तहसीलची परवानगी लागते, रॉयल्टी लागते. त्यामुळे मुरूम रात्रीचा टाकला तर जास्त चांगला बसतो, अशी एक समजूत पंचक्रोशीत आहे. तिच्यामागचं शास्त्र मी कुणाला विचारलेलं नाही.

म्हणून आहे तो मुरूम सांभाळायचा. आणि सांभाळायचा म्हटलं की अवजार आलं.

या सगळ्या मोहाचं मूळ हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाच्या डोक्यात आहे. त्याच्या आधी अवजार ट्रॅक्टरमागे नुसतं ओढलं जायचं. नांगर खडकाला अडला की मागची चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे जायचं. फर्ग्युसनने खाली दोन दांडे, वर एक दांडा आणि हायड्रोलिक लिफ्ट अशी जोडणी बसवली. 1939 साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर रूढ झाली. ट्रॅक्टर उलटण्याची भीती बरीच गेली. बदल्यात एक सोय झाली की आता ट्रॅक्टरच्या मागे काहीही जोडता येतं. तीन पिना घातल्या की झालं. ‘काहीही जोडता येतं’ हे वाक्य माझ्या भाच्यासमोर कधीही बोलू नये.

भाच्याचं पहिलं मत रोटावेटरला पडलं. घरी रोटा आहे, तोही अनुदानावर घेतलेला. अनुदानाचं तंत्र आता बदललंय. पूर्वी महाडीबीटीवर अर्ज करून सोडतीची वाट बघायची. 2025 पासून प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आलं, तेव्हापासून गरज पडायच्या आधीच अर्ज करून ठेवायची पद्धत पडली. अवजार मंजूर झालं की मग त्याला काम शोधायचं. आमच्या रोट्याला पेरणीपूर्वीचे काही दिवस सोडले तर काम नव्हतंच.

“मामा, रोटा मारू ना. एका फेऱ्यात समदा भुगा.”

अडचण नेमकी तीच होती. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्यात खडे असतात, बारीक भुगा असतो आणि थोडी चिकण माती असते. तिघं मिळून दाबाखाली एकमेकांना धरून बसतात, म्हणून तर रस्ता होतो. रोट्याने त्या खड्यांचंही पीठ केलं की पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो. आणि मुरमाखाली सोलिंगचा दगड असेल तर रोट्याची पाती त्यावर ‘खण्ण’ असा आवाज करतात. तो आवाज ऐकून शेजारच्या शेतातला माणूस काम सोडून बघायला येतो आणि “किती गेली?” एवढंच विचारतो.

या मुद्द्याची उलटी बाजू शहरातल्या पाव्हण्यांकडे असते. त्यांना धुतलेली, चकचकीत, एकसारखी खडी पाहिजे असते. एका फार्महाऊसवाल्या पाव्हण्याने तसली खडी अंथरली. फोटोत ती फार शोभून दिसते. तिच्यावरून चालताना माणूस दोन पावलं पुढे आणि एक मागे जातो, कारण तिला धरून ठेवणारं बारीक मटेरियल मालकाने पैसे देऊन काढून घेतलेलं असतं.

रोट्यानंतर पुढे आलेला लोडर हा अवजारापेक्षा हुद्दा आहे. ट्रॅक्टरच्या पुढे दोन पिवळे हात आणि त्यांच्या टोकाला बकेट असली की त्या ट्रॅक्टरला कुणी ट्रॅक्टर म्हणत नाही, ‘आमचं मशीन’ म्हणतात. मुरमाचा ढीग उचलून टाकायला तो उत्तमच. पण रस्ता सारखा करायला बकेट खाली टेकवून पुढे रेटलं की ती एके ठिकाणी खोल घुसते आणि पुढे उचलली जाते, आणि जिथे एक खड्डा होता तिथे एक खड्डा व एक उंचवटा अशी दुप्पट मालमत्ता तयार होते. लोडरचा थोरला भाऊ जेसीबी. त्याच्याबद्दल काही बोलायची सोय नाही. महाराष्ट्रातल्या जेसीबींनी गेल्या काही वर्षांत पुढाऱ्यांवर एवढी फुलं उधळली आहेत की मुरूम टाकणं हा त्यांना आता जोडधंदा वाटत असावा. गावात कुठलीही अडचण सांगा, रस्ता, विहीर, बांध, भावकी, कुणीतरी म्हणतंच, “जेसीबी लावून टाकू.” जेसीबी तासावर मिळतो आणि तासात काम संपत नाही, हे त्या वाक्यात कधी येत नाही.

मग एकाने लेझर लेव्हलर सुचवला. शेत सपाट करायला ते यंत्र फारच उपयोगी. मधोमध एक खांब उभा करायचा, त्यावरून लेझर फिरतो आणि मागची बकेट आपोआप खालीवर होऊन जमीन अगदी सपाट करते. सुचवणारा कृषी पदविकावाला, त्यामुळे सगळे गप्प बसले. तोंड उघडलं ते कंडक्टर काकांनी. काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या नावावर ना ट्रॅक्टर, ना आखाडा. पण रस्त्यांचं त्यांचं ज्ञान थेट मणक्यातून आलेलं आहे.

“सपाट रस्ता?” काका म्हणाले. “सपाट रस्त्याला तळं म्हणतात.”

काका बरोबर होते. रस्त्याला सपाटपणा चालत नाही. मुरमाच्या रस्त्याची पाठ म्हशीच्या पाठीसारखी पाहिजे. पाणी पडलं की थांबता कामा नये, दोन्ही अंगांनी घसरून खाली गेलं पाहिजे. शेकडा चारचा उतार धरला तर दहा फुटी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा दोन-अडीच इंच उंच लागतो, आणि दोन्ही बाजूंना पाणी घेऊन जायला चर लागतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. चाकोऱ्या खोल जातात, कडेला गवत आणि माती साठून बांध तयार होतो आणि रस्ताच गावातला मोठा ओढा होतो. मग माणसं कडेच्या चरातून चालतात, कारण चर कोरडा असतो.

खड्ड्यांच्या बाबतीतही लोकांचं प्रामाणिक अज्ञान आहे. खड्डा दिसला की त्यात चार घमेली मुरूम टाकायचा, वरून पायाने दाबायचा आणि सरपंचाकडे बघायचं. तो मुरूम आठवड्यात चाकाबरोबर बाहेर येतो. कारण खड्डा म्हणजे नुसती पोकळी नसते. त्याचा तळ आणि काठ कडक झालेले असतात, त्यात पाणी धरलं जातं आणि दर चाकागणिक ते पाणी आतला मऊ माल हुसकून लावतं. खड्डा मारायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळा रस्ता खरवडून मोकळा करायचा, मग सारखा करायचा, मग दाबायचा. या पहिल्या कामाला आमच्याकडे पिढीजात तयार असलेलं अवजार आहे. ते म्हणजे पंजी, नऊ फणांचा कल्टिव्हेटर. घरोघरी आहे, फणाला स्प्रिंग असल्याने दगड लागला तर मागे सरकतो, आणि दोन-तीन इंच खरवडायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. पण पंजीला कुणी मत दिलं नाही. घरात आहे ते अवजार निवडणं म्हणजे निवड झालीच नाही, असं पारावर मानतात.

शेवटी सगळे ब्लेडवर आले. ट्रॅक्टरच्या मागे सहा-सात फुटांची आडवी लोखंडी पात. कुणी लेव्हलर म्हणतं, कुणी नुसतं ब्लेड. खरं तर हेच कामाचं अवजार. त्याची पिन काढून ते तिरपं करता येतं. तिरपं केलं की कडेचा माल घसटत मध्याकडे येतो आणि रस्त्याला पाठ मिळते. एका बाजूने जाताना एका कोनात, परत येताना दुसऱ्या बाजूने, असा तो खेळ आहे. कंपनीने कोनासाठी भोकं पाडून दिलेली असतात. मात्र गावातली निम्मी ब्लेडं घेतल्या दिवसापासून सरळच्या सरळ गंजलेली आहेत, आणि पिनेच्या जागी कुणीतरी मापाचा बोल्ट ठोकून वर वेल्डिंग मारलेलं आहे, पडू नये म्हणून.

ब्लेड मागून आणलं आणि भाचा सीटवर बसला. मान मागे वळवलेली, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा लिफ्टच्या दांडीवर, तोंडात गाणं. पहिली वीस पावलं सुरेख गेली. पातीपुढे मुरमाची लाट उठली, गडद, ओलसर, बघत राहावं अशी. मग पुढची चाकं एका उंचवट्यावर चढली. ट्रॅक्टरचं नाक वर गेलं तसं ब्लेड खाली घुसलं आणि वीतभर खोल माल घेऊन आलं. पुढची चाकं खड्ड्यात उतरली तशी शेपटी वर झाली आणि तो सगळा माल तिथेच सुटला. भाच्याने दांडी ओढली, पण ट्रॅक्टर जेव्हा वर होता तेव्हा नाही, खाली आल्यावर. परत फिरताना पुढची चाकं या नव्या उंचवट्यांवर चढली आणि ब्लेडने त्यांची आणखी मोठी नक्कल मागे काढली. थोड्या वेळाने रस्त्याचा नमुना असा झाला की काकांना नोकरीतला एक जुना मार्ग आठवला. नाव त्यांनी सांगितलं नाही, फक्त कमरेवर हात ठेवला.

दोष भाच्याचा म्हणता येणार नाही. ब्लेड मागच्या आसाच्या मागे लटकतं, त्यामुळे पुढे जे होतं त्याच्या उलट मागे होतं. कसलेला ड्रायव्हर पुढच्या चाकाचा धक्का बुडाला कळायच्या आत दांडी हलवतो. असे ड्रायव्हर तालुक्यात आहेत, पण ते हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या मार्केट यार्डाच्या रांगेत असतात आणि बाकीच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या वाटेचं पडलेलं असतं.

आडव्या लाटांचा प्रकार मात्र वेगळा. काही ठिकाणी रस्त्यावर कुणी ब्लेड न मारताही बारीक बारीक लाटा पडतात आणि दुधाचं कॅन मोटारसायकलला अडकवून निघालं तर डेअरीपर्यंत लोणी यायची वेळ येते. गावात याचं खापर ठेकेदारावर फोडतात. ठेकेदाराला या एका गुन्ह्यातून सोडायला हरकत नाही. 2007 साली कॅनडा, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळू पसरलेल्या गोल फिरत्या टेबलावर चाक चालवून पाहिलं. एका ठराविक वेगाच्या वर चाक गेलं की वाळूत लाटा पडतातच. चाकाला स्प्रिंग असो वा नसो. त्या वेगाच्या खाली पडत नाहीत. म्हणजे आजोबांच्या बैलगाडीच्या काळात त्या वाटेला लाटा नव्हत्या, याचं श्रेय आजोबांना नाही, बैलांना आहे. भाच्याला हे सांगून हळू चालव म्हटलं. तो म्हणाला, “मंग बैलच घ्या.”

आता आमच्या थोरल्या बापूंकडे यावं लागतं. या सगळ्या चर्चेत ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी कुठूनतरी गर्डरचे दोन तुकडे काढले, प्रत्येकी सहा-सात फुटी, जुन्या छपराचे. हातभर अंतरावर एकामागे एक ठेवले, दोन आडव्या अँगलने जोडून घेतले आणि एका बाजूची साखळी आखूड, दुसरीची लांब ठेवून ट्रॅक्टरच्या हुकात अडकवली, म्हणजे सगळा सांगाडा तिरपा ओढला जाईल. लिफ्ट नाही, पिन नाही, दांडी नाही. ट्रॅक्टरचं नाक वर जावो की खाली, गर्डर जमिनीवरच पडून राहतो. पुढचा तुकडा उंचवटा तासतो, मागचा तो माल खड्ड्यात पसरतो, आणि दोन्ही तुकड्यांचं ओझं एवढं की मध्येच उड्या मारायची त्यांची हिंमत होत नाही.

बापूंना माहीत नसणार, पण हे अवजार सव्वाशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन शेतकऱ्याने गाजवलेलं आहे. डी. वॉर्ड किंग, गाव मेटलँड, राज्य मिसुरी. 1896 च्या सुमारास त्याच्या घरापुढचा मातीचा रस्ता आमच्यासारखाच चिखलाचा होता. त्याने लाकडाचे दोन तुकडे एकामागे एक जोडले आणि घोडे जुंपून पावसानंतर शेजाऱ्याच्या घरापर्यंत ते तिरपं ओढत नेलं. पुढच्या पावसानंतर पुन्हा. हळूहळू त्या रस्त्याला पाठ आली, पाणी थांबेना आणि माती दाबली जाऊन कडक झाली. तेवढाच तुकडा चांगला दिसायला लागल्यावर लोकांनी चौकशी सुरू केली. 1908 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने या अवजारावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिकाच काढली. किंग गावोगाव व्याख्यानं देत फिरला. त्याच्या सांगण्यात अवजार थोडं आणि वेळ फार होती: रस्ता सुका असताना ओढू नका, नुसती धूळ उडेल, चिखल असताना ओढू नका, रस्ता जागेवरून उठेल, ओल उतरता उतरता ओढा.

म्हणजे वाफसा. पाऊस उघडल्यावर जमीन ओली असते पण पायाला चिकटत नाही, ती वेळ. रस्त्यालाही वाफसा असतो, आणि खरी मेख इथे आहे. रस्त्याचा आणि शेताचा वाफसा एकाच दिवशी येतो. जून-जुलैत असा दिवस मिळाला की साखऱ्यात कुणी कुणाशी बोलत नाही. पेरणी राहिलेली असते, डवरणी तुंबलेली असते, तणनाशकवाला फोन उचलत नाही, ट्रॅक्टरच्या मागे भाड्याने नेणारे रांग लावून उभे असतात. त्या दिवशी अर्धा तास रस्त्यावर गर्डर ओढायला ट्रॅक्टर दे म्हणणारा माणूस अजून गावात जन्मायचा आहे. आणि ट्रॅक्टर रिकामा होतो तो दिवाळीनंतर. तोवर मुरूम वाळून फरशी झालेला असतो, त्याच्यावर गर्डर ओढला तर ठिणग्या उडतात. अवजारांची एवढी चर्चा होते ती म्हणूनच. वाफशातला अर्धा तास कुणाकडे नसतो. लोडरचा हप्ता असतो.

तरी गर्डर जोडला त्या वर्षी बापूंनी भल्या पहाटे, भाडेकरी यायच्या आत, दोन फेऱ्या मारल्या. मग मुरूम भरलेली ट्रॉली चाकोरी बदलत बदलत वरून फिरवली, दबण्यासाठी. रोलर आणायची ऐपत नसलेल्याचा तो रोलर. रस्ता खरोखर सुधारला. आणि सुधारल्याबरोबर भांडणाला तोंड फुटलं, कारण कडा नीट तासल्यावर रस्ता नेमका किती रुंद उरलाय ते सगळ्यांना दिसलं.

या रस्त्यावर आजवर सगळ्यांत नियमित चाललेलं अवजार ब्लेड नव्हतं, नांगर होता. दोन्ही बाजूंच्या शेतांचा पलटी नांगर दर उन्हाळ्यात कडेला वळताना रस्त्याचा एखादा तास आत घेतो. एक तास म्हणजे वीतभर. कुणाच्या मनात वाईट नसतं, ट्रॅक्टर वळवायला जागा लागते एवढंच. दहा-पंधरा वर्षांत दोन्हीकडून वीत-वीत करत गाडीवाट मोटारसायकलीपुरती होते, आणि सोयाबीन काढायला हार्वेस्टर बोलावला की तो डांबरीवर उभा राहून मालकाला फोन करतो.

गावनकाशावर मात्र रस्ता जसाच्या तसा असतो. दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, एकेरी तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी 33 फुटांची आणि तिचे 16 आणे, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. गाडीवाट आठ आण्यांपासून पुढे, पायवाट चार आण्यांची. आमची वाट नकाशावर आठ आण्यांची आहे, प्रत्यक्षात पाच आणे भरली. उरलेले तीन आणे दोन्ही बाजूंना सोयाबीन म्हणून उभे होते.

कायद्याची काही कमतरता नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून रस्ता देतं, 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो. नोव्हेंबर 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली. 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने तर शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी असं सांगून टाकलं. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी सगळ्यांना अभिनंदन पाठवलं. कडेच्या दोघांनीही पाठवलं. दोघांचंही मत रस्ता चार मीटर झालाच पाहिजे असं होतं, फक्त तो समोरच्या बाजूने वाढावा एवढाच आग्रह.

“माझ्याकडं मोजा ना,” एकजण म्हणाला. “मी काय नाही म्हणलो? आधी त्याच्याकडं मोजा.”

“हाव,” दुसरा म्हणाला, “पन पीक निघाल्यावर.”

पीक निघाल्यावर गहू-हरभरा पेरला जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मोजणीचा अर्ज तूर्त कंडक्टर काकांच्या शर्टाच्या खिशात आहे, कारण दोन्ही पक्षांना विश्वास बसेल असा भूमिहीन माणूस तेवढाच.

गर्डरचं मात्र नाव झालं. पलीकडच्या वाटेवाल्यांनी तो मागून नेला, त्यांच्याकडून आणखी कुणी नेला, आणि मध्येच तो काही दिवस एका हळदीच्या शेडला टेकू म्हणून उभा असल्याची बातमी आली. बापूंनी तो परत आणला तेव्हा एक साखळी बदललेली होती, पण चांगली होती, म्हणून ते काही बोलले नाहीत.

परवा भाचा रिसोडला गेला होता. तिथल्या एका वेल्डिंगच्या दुकानाबाहेर त्याने बापूंच्या गर्डरचं पोर उभं असलेलं पाहिलं. लाल रंग, निळ्या कडा, वर मोठ्या अक्षरांत ‘शेतकरी राजा’ आणि खाली मोबाईल नंबर. किंमत ऐकून तो थेट घरी आला नाही, आधी पारावर गेला. संध्याकाळपर्यंत गावाचं एकमत झालं होतं की अवजार हेच घ्यायचं.

“मामा, एकदम भारी बनवलंय,” तो मला म्हणाला. “बापूंच्या गर्डरात आन् त्याच्यात एकच फरक हाय.”

“कोणता?”

“त्याला हायड्रोलिक हाय. लिफ्टनं वर-खाली होतंय.”

बापू शेजारी बसून तंबाखू मळत होते. त्यांनी विचारलं, “वर कशाला करायचं?”

भाच्याने बराच वेळ विचार केला. “वळवताना,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आन् अनुदानात बसतंय का, तेबी बघून ठेवतो.”